सोलापूरच्या उन्हात घरीच टर्बो गाडी सांभाळायची आणि तिची ताकद वाढवायची तर

माझ्याकडे २०१३ ची फियाटची लिनिया टी-जेट आहे, १,३६८ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा दाबणारं चाक), कागदावर ११४ पीएस आणि २०७ न्यूटन मीटर. गाडी पुण्याजवळच्या रांजणगावच्या कारखान्यातली, म्हणजे तशी आपल्या घरातलीच, पण फियाटने इथं गाड्या विकणं बंद केलं तेव्हापासून सगळं स्वतःच बघावं लागतं. सोलापुरात साध्या गाड्यांचे मेस्त्री एक नंबर आहेत, पण टर्बो पेट्रोल म्हटलं की बरेच जण हात मागे घेतात, त्यामुळं गेली सहा वर्षं मी अशोक चौकाच्या मागं आमच्या अंगणातच हे काम करतोय. मामेभावाची पोलो १.० टीएसआय पण माझ्याकडंच येते. त्यातून जे कळलं ते इथं लिहितोय, बलेनो आरएस, नेक्सॉन पेट्रोल, आय२० एन लाईन असली कुठलीही छोटी टर्बो पेट्रोल असली तरी नव्वद टक्के गोष्टी ह्याच.

आधी एकच सांगतो, पुढचं सगळं त्याच्यावरच उभंय. पुण्या-बंगळुरात चालणारी मॉडिफिकेशनची यादी जशीच्या तशी इथं चालत नाही. आपल्याकडं मे महिन्यात ४३-४४ डिग्री असतं, सात रस्त्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की बोनेटखालची हवा साठ डिग्रीच्या वर जाते, आणि टर्बो गाडीचा खरा शत्रू म्हणजे उष्णता. हवा गरम म्हणजे ती विरळ, इंजिन नॉक व्हायला लागतं (आत पेट्रोल अवेळी पेटतं), मग ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, स्पार्कचं टायमिंग मागं घेतो आणि पिकअप मेला. म्हणून इथं पहिला पैसा कूलिंग, ऑइल आणि लीकवर घालायचा, ताकदीचं नंतर.

जागा आणि हत्यारं

आमच्या अंगणात शहाबादी फरशी आहे, बऱ्याच घरांत असतेच. फरशीवर थेट जॅक लावू नका, खाली पोकळ असेल तर फरशी फुटते आणि गुळगुळीत असल्यानं जॅक सरकतो पण. मी १८ मिमी प्लायवुडचे दोन फूट बाय दोन फूट तुकडे कापून ठेवलेत, जॅकखाली एक आणि घोडीखाली, म्हणजे जॅक स्टँडखाली, एकेक. गाडीखाली जायचं तर घोडी लावूनच जायचं, नुसत्या जॅकवर एक मिनिटसुद्धा नाही, आणि विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक घोडी म्हणून कधीच नाही, ते इशारा न देता फुटतात. मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये टाका, घोडीवर बसवल्यावर बाहेरूनच जोरात हलवून बघा आणि मगच खाली जा.

हत्यारांत गोटी पान्याचा सेट, एलन की, टॉर्क रेंच, एक बऱ्यापैकी जॅक आणि दोन घोड्या. टॉर्क रेंचमध्ये कंजुषी करू नका. चेंबर, म्हणजे इंजिनखालचं ऑइलचं भांडं, ॲल्युमिनियमचं असतं, हेड ॲल्युमिनियमचं असतं, अंदाजानं दाबलं की आटे मरतात. मी पहिल्याच वर्षी चेंबर नटचे आटे मारले होते, रविवारी संध्याकाळी, सगळं ऑइल काढून झाल्यावर, आणि मग सोमवारी आटे पाडणाऱ्याला घरी आणावं लागलं. कुठला बोल्ट किती न्यूटन मीटर ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, ते मिळवा, छापून काढा, डिकीत ठेवा.

पुसायला काय घ्यायचं हे सोलापूरकरांना सांगायला नको असं वाटेल, पण एक सांगतो. टॉवेल इथं ढिगानं मिळतात, रिजेक्ट माल किलोवर मिळतो, बाहेरचं ऑइल-ग्रीस पुसायला ते झकास. पण थ्रॉटल बॉडी, टर्बोचं तोंड, इनटेकचे पाईप असल्या ठिकाणी टॉवेल अजिबात वापरू नका, त्याचे धागे सुटतात आणि आत जातात. तिथं दहा वेळा धुतलेलं जुनं धोतर किंवा मलमल. फेंडरवर वाकून काम करताना पेंट घासू नये म्हणून जुनी सोलापुरी चादर दुमडून टाकायची, ती जाड असते, घसरत नाही, मला तरी त्याच्यापेक्षा चांगलं फेंडर कव्हर सापडलेलं नाही.

आणि एक ओबीडी डोंगल घ्या, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनचे आकडे मोबाईलवर दाखवणारा, ब्लूटूथवाला, साध्या ॲपवर चालणारा. त्याच्याशिवाय टर्बो गाडीचं काम म्हणजे अंधारात चाचपडणं.

ऑइल

टर्बोचा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो, आणि तो फिरतो कशावर तर ऑइलच्या पातळ थरावर. एका बाजूला ८००-९०० डिग्रीचा एक्झॉस्ट, दुसऱ्या बाजूला बाहेरून ओढलेली हवा, मधे तुमचं ऑइल. म्हणून ऑइल फुल सिंथेटिकच, आणि डब्यावर पुढं काय मोठ्ठं लिहिलंय ते न बघता मागं ग्रेड आणि स्पेसिफिकेशन वाचा. माझ्या गाडीत ५डब्ल्यू-४०. पोलोसारख्या डायरेक्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये मारणाऱ्या) गाडीत कंपनीचं स्पेसिफिकेशन जुळलंच पाहिजे, आणि शिवाय एपीआय एसपी असेल तर उत्तम. हा ग्रेड २०२० मध्ये आला, आणि तो आणायचं एक मोठं कारण म्हणजे छोट्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनात कमी आरपीएमला, जास्त लोडवर, स्पार्क पडायच्या आधीच पेट्रोल पेटतं तो प्रकार. त्यानं पिस्टन फुटू शकतो. म्हणजे पाचव्या गिअरमध्ये १,५०० आरपीएमवर एकदम पूर्ण पाय दाबायचा नाही, एक गिअर खाली घ्या आणि मग दाबा, ही सवय फुकट आहे.

कंपनी १५,००० किमी सांगते तिथं मी ७,५०० ला बदलतो, आपल्याकडची धूळ, ट्रॅफिक आणि ऊन बघता तेच बरं. पद्धत साधीये. गाडी पाच मिनिटं चालू ठेवून ऑइल कोमट करा, उकळतं नको. वरचं झाकण उघडा, डिपस्टिक थोडी वर ओढून ठेवा, मग चेंबर नट. ऑइल निदान वीस मिनिटं निथळू द्या, लास्टचं काळं पाणी तेव्हाच येतं. वॉशर नवीन टाका, पन्नास रुपयांसाठी जुना परत लावू नका. फिल्टर गोल डब्याचा असेल तर रबराच्या रिंगला नवीन ऑइलचं बोट फिरवा, हातानं टेकवा, टेकल्यावर पाऊण फेरा, बास, पाना नको. ऑइल भरून गाडी चालू केल्यावर लाईट जाईपर्यंत ॲक्सिलरेटरला हात लावायचा नाही, टर्बोपर्यंत ऑइल पोचायला काही सेकंद लागतात. मग बंद करून पाच मिनिटांनी लेव्हल बघा, मिनिमम आणि मॅक्झिममच्या मधे वरच्या बाजूला, मॅक्झिममच्या वर नको, जास्त झालं तरी फेस होऊन धूर मारते.

निघालेलं ऑइल गटारात किंवा मोकळ्या प्लॉटवर ओतू नका, कॅनमध्ये साठवा आणि जिथं जुनं ऑइल रिसायकलला जातं अशा गॅरेजला द्या. आमच्या भागात निम्म्या घरांत बोअर आहे, जमिनीत ओतलेलं पुन्हा आपल्याच बादलीत येतं.

पुण्याहून हायवेनं तासन् तास आल्यावर घरासमोर थांबवून लगेच चावी काढायची नाही. शेवटचे दोन-तीन किलोमीटर शांत चालवा, बाळे ओलांडलं की मी पाय हलका करतो, दारात पोचेपर्यंत टर्बो आपोआप थंड. मग मिनिटभर आयडल पुरे. गरम टर्बोत ऑइल थांबून राहिलं की ते जळून कोळसा होतं आणि हाच कोळसा ऑइलच्या बारीक नळ्या बंद करतो. टर्बो टायमर वगैरे लावायची काही गरज नाही.

कूलिंग, म्हणजे सोलापुरातलं निम्मं काम

कूलंटमध्ये नळाचं किंवा बोअरचं पाणी घालू नका. पाणी रोज येत नाही म्हणून बरेच जण घाईत बोअरचंच घालतात आणि त्यातला क्षार रेडिएटरच्या नळ्यांत दगडासारखा बसतो, आपल्या घरातल्या गीझरची कॉईल काढून बघा म्हणजे कळेल. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मिळतो, तो आणा, कूलंट कॉन्सन्ट्रेट आणि पाणी निम्मं-निम्मं. रंग बघून कूलंट मिसळू नका, हिरव्यात लाल टाकलं आणि केमिस्ट्री वेगळी निघाली तर आत चिखल होतो. जुनं कुठलं आहे माहीत नसेल तर पूर्ण काढून, दोन वेळा डिस्टिल्ड वॉटरनं धुऊन, नवीन भरा, आणि भरल्यावर एअर काढायला विसरू नका.

रेडिएटरच्या किंवा टाकीच्या झाकणाकडं कोणीच बघत नाही. हे झाकण सिस्टिममध्ये प्रेशर धरून ठेवतं, साधारण एक बार प्रेशर असेल तर साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० डिग्रीला उकळतं, आणि झाकणाची रबर रिंग गेली की तेवढीच गाडी लवकर उकळणार. माझी गाडी दोन उन्हाळे ट्रॅफिकमध्ये गरम व्हायची, एका गॅरेजवाल्यानं हेड गॅस्केट गेलंय म्हणून मोठा खर्च सांगितला होता, आणि निघालं काय तर झाकण. म्हणून आधी स्वस्त गोष्टी तपासा. गरम इंजिनवर झाकण मात्र उघडायचं नाही, कितीही घाई असू दे, चेहरा भाजतो.

आता आमच्या पूर्व भागाची खास गोष्ट. गल्लोगल्ली पॉवरलूम आहेत, कारखान्यांच्या दारातून कापसाचे बारीक तंतू उडत असतात, आणि ते सगळे गाडीच्या पुढच्या जाळीतून आत जाऊन एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधे चादरीसारखे बसतात. वरून बघितलं तर काही दिसत नाही. मी पहिल्यांदा पुढचा बंपर काढला तेव्हा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या फटीतून अक्षरशः करड्या रंगाची एक सलग पट्टी निघाली, बोटानं ओढली तर सोलून आली, जणू कोणीतरी आत विणूनच ठेवली होती. त्या दिवशी नंतर हायवेला इनटेकचं तापमान डोंगलवर आठ-नऊ डिग्रीनं कमी दिसलं, एक रुपया खर्च न करता. ज्यांच्या घराजवळ लूम आहेत त्यांनी दर उन्हाळ्याच्या आधी, म्हणजे गड्ड्याची यात्रा उरकली की फेब्रुवारीत, हे काम करून टाकायचं. कंप्रेसरची हवा इंजिनच्या बाजूनं बाहेरच्या बाजूला मारा, लांबून, हलक्या प्रेशरनं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला तर फिन्स वाकतात आणि मग हवाच जात नाही.

पोलो टीएसआयमध्ये इंटरकूलर पाण्यावर चालतो आणि तो इनटेक मॅनिफोल्डमध्येच बसवलेला असतो, त्यामुळं तिथं पुढच्या छोट्या रेडिएटरची सफाई आणि त्या सर्किटचं कूलंट, हे बघायचं.

एअर फिल्टरचंही तसंच. इथं कागदाचा ओरिजिनल फिल्टर दर ७,५०० ला बदला, त्याला तोड नाही. ते ऑइल लावलेले ओपन कोन फिल्टर आवाज छान काढतात हे खरंय, पण बोनेटखालची गरम हवा ओढतात, आणि ऑइल जास्त लागलं तर एअर फ्लो सेन्सर घाण होतो.

लीक टेस्ट, जी मी सगळ्यांना आधी करायला सांगतो

टर्बोनं दाबलेली हवा इंजिनपर्यंत न पोचता मधेच सुटली की पिकअप जातो, काळा धूर येतो, ॲव्हरेज पडतं, आणि बिचारा टर्बो तेवढंच प्रेशर द्यायला जास्त पळतो आणि लवकर मरतो. तुळजापूरला जाताना माझा इंटरकूलरचा पाईप सुटला होता, भुस्स असा आवाज, गाडीत जीवच नाही, घाटात मागं एसटी हॉर्न मारतेय. कारण असं की आदल्या दिवशी मीच तो पाईप बसवला होता आणि आतलं ऑइल न पुसता क्लिप आवळली होती. तेव्हापासून पाईपचं तोंड आणि होस दोन्ही ब्रेक क्लीनरनं पुसून, कोरडं करून, मगच क्लिप.

टेस्टर घरी बनतो. पीव्हीसी पाईपच्या दुकानात जा, एअर फिल्टरकडून टर्बोत जाणाऱ्या होसच्या मापाची एंड कॅप घ्या. मधोमध ११.५ मिमीचं भोक पाडा आणि त्यात ट्यूबलेस टायरचा साधा व्हॉल्व्ह ओढून बसवा, पंक्चरवाल्याकडं मिळतो, खेचून बसवायचं हत्यारही त्याच्याकडंच असतं. झालं. इंजिन थंड असताना एअर फिल्टरचा डबा काढा, होसमध्ये कॅप घाला, जुबली क्लिप दोन लावा, एक पुरत नाही. टर्बोच्या आधी जो ब्रीदर पाईप (क्रँककेसमधली वाफ बाहेर नेणारा) लागतो तो काढून त्याचं तोंड बंद करा, नाहीतर सगळी हवा क्रँककेसमध्ये जाईल आणि ऑइल सील बाहेर येतील. आता पायपंपानं हळूहळू हवा भरा. ७ ते १० पीएसआय पुरे, त्याच्या वर जायचं नाही, आणि कॅपच्या समोर तोंड आणून उभं राहायचं नाही, सुटली तर गोळीसारखी येते.

मग भांड्याच्या साबणाचं पाणी स्प्रेनं प्रत्येक जोडावर मारत जा, इंटरकूलरची दोन्ही टोकं, थ्रॉटलजवळचा होस, डायव्हर्टर व्हॉल्व्ह (पाय काढल्यावर जास्तीचं प्रेशर सोडणारा), मॅप सेन्सरची (इनटेकमधलं प्रेशर मोजणारा) रबर रिंग, इंजेक्टरच्या बुडाशी. बुडबुडे आले की सापडलं. पूर्ण घट्ट कधीच राहणार नाही, इंजिनचे काही व्हॉल्व्ह उघडे असतात त्यातून थोडी हवा जाते आणि डिपस्टिकमधून किंवा एक्झॉस्टमधून बारीक सूसू येतं, ते नॉर्मल. बाहेरच्या जोडातून येता कामा नये. आमच्याकडं संध्याकाळी सातनंतर लूम चालू असतात त्यामुळं आवाजावरून लीक शोधणं अशक्य, म्हणून मी हे सकाळी सहाला करतो, ऊनही नसतं.

त्याच दिवशी व्हॅक्यूमच्या सगळ्या बारीक नळ्या बघा. दहा वर्षं इथल्या उन्हात आणि टर्बोच्या शेजारी राहिलेलं रबर बोटानं दाबलं तर बिस्किटासारखं तडकतं. वेस्टगेट म्हणजे टर्बोचं प्रेशर आवरणारी झडप, तिची नळी तडकली तर बूस्ट, म्हणजे तेच प्रेशर, मर्यादेच्या वर जाऊ शकतो आणि इंजिनच धोक्यात येतं. सिलिकॉनची नळी मीटरवर मिळते, आतलं माप ओरिजिनलइतकंच घ्या, एकेक काढून एकेक लावा, सगळ्या एकदम काढल्या तर कुठली कुठं ते विसरणार. बदल म्हणून सगळ्यात आधी करण्यासारखं हेच.

आता मोबाईलवर काय बघायचं

इंजिन बंद, फक्त इग्निशन चालू, मॅप सेन्सरचा आकडा बघा. पुस्तकात १०१ केपीए लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथं ९५-९६ यायला पाहिजे. तेवढा आला म्हणजे सेन्सर ठीक. माझ्याकडं एकानं सेन्सर खराब म्हणून बदलून घेतला होता, केवळ १०१ येत नाही म्हणून.

मग इनटेक एअर टेंपरेचर, लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करतोय तो आकडा) आणि बूस्टला मॅपचा आकडा, हे तीन वहीत लिहीत जा, तारीख, किमी, बाहेरचं तापमान सगळं. फ्युएल ट्रिम शून्याच्या आसपास, अधिक-उणे पाचपर्यंत चांगलं. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल) मिळतंय, इथेनॉलला जाळायला हवा कमी लागते म्हणजे त्याच हवेला पेट्रोल जास्त लागतं, त्यामुळं ट्रिम चार-पाच टक्के वर सरकलेला दिसला तर घाबरू नका. पण दहाच्या वर गेला तर लीक, इंजेक्टर किंवा पेट्रोल पंप बघा. जुन्या गाडीत पेट्रोलचे रबरी होस पण वर्षातून दोनदा हातानं चाचपून बघा, वास येतोय का, घाम येतोय का.

पेट्रोल माझ्या मते टर्बोला ९५ ऑक्टेनचंच घाला, निदान मार्च ते जून. फरक इथल्या उन्हात खरंच जाणवतो.

प्लगबद्दल एवढंच की इंजिन थंड असतानाच काढायचे, आधी खड्ड्यात हवा मारून घाण उडवायची, हातानं बसवायचे आणि शेवट टॉर्क रेंचनं. इरिडियमचा गॅप नाण्यासारख्या गेजनं रेटून वाढवू नका, टोक तुटतं.

टायमिंग बेल्ट घरी करू नका. सेकंड हँड गाडी घेतली आणि बेल्ट कधी बदलला याचा कागद नसेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्र बदलून घ्या, ज्याच्याकडं कॅम लॉक करायचं हत्यार आहे त्याच्याकडून. पांढऱ्या खडूची खूण करून बेल्ट चढवतो म्हणणाऱ्याकडून नको.

टर्बो तपासायचा कसा

इनटेकचा होस काढला की कंप्रेसरचं चाक दिसतं. इंजिन थंड, बोटानं हलवून बघा. आडवा अगदी थोडा खेळ असतो, तो ऑइलच्या जागेचा, चालतो. पण पाती कडेला घासत असतील, किंवा आत-बाहेर ओढल्यावर हलल्याचं जाणवत असेल तर टर्बो गेला. पाईपमध्ये ऑइलचा पातळ थर दिसला म्हणून लगेच टर्बो बदलू नका, ब्रीदरमधून तेवढं येतंच. सिग्नलला मिनिटभर उभं राहून निघताना निळा धूर येत असेल तर मात्र बघायला पाहिजे.

टर्बो काढून परत बसवायची वेळ आली तर एक गोष्ट लक्षात ठेवा, ऑइलच्या सप्लाय आणि रिटर्न पाईपला सिलिकॉनचा गम अजिबात लावायचा नाही, फक्त पॅकिंग. माझ्या एका ओळखीच्याच्या गाडीत नवीन टर्बो दोन हजार किलोमीटरमध्ये गेला, काढून बघितलं तर रिटर्न पाईपच्या तोंडात गमचा मण्याएवढा गोळा अडकलेला. शुक्रवार पेठेतले एक जुने चाचा आहेत, डिझेल पंपाचं काम करतात, ते तो गोळा तळहातावर घेऊन म्हणाले, "बाळा, ऑइलला वाट द्यायची असते, वाट बंद करायची नसते." बसवल्यावर टर्बोच्या ऑइलच्या तोंडात थोडं ताजं ऑइल ओता, चाक हातानं फिरवा, मग इंजिन स्टार्ट होऊ न देता थोडा सेल्फ मारून प्रेशर येऊ द्या, मगच चालू.

ताकद वाढवायची तर

वरचं सगळं झालं, वहीत दोन महिन्यांचे आकडे बरोबर आले, तर पुढं वाचा.

पहिलं टायर आणि ब्रेक. सोलापूर-पुणे रस्ता सरळ आणि मोकळा, पण टेंभुर्णीच्या अलीकडं-पलीकडं ऊसाच्या सीझनला रात्री बिना लाईटच्या ट्रॉल्या असतात, तिथं पिकअप नाही, ब्रेकच जीव वाचवतो. ब्रेक ऑइल डॉट ४, दर दोन वर्षांनी, कारण ते हवेतली ओल ओढतं. नवीन डॉट ४ निदान २३० डिग्रीला उकळतं आणि ओल धरलेलं १५५ पर्यंत खाली येऊ शकतं. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, सहा-सात वर्षांच्या टायरवर वाढवलेली गाडी चालवू नका, डिझाईन कितीही चांगलं शिल्लक असू दे.

दुसरं इंटरकूलर. आपल्या हवेत खरा फायदा देणारा बदल हाच. मोठा घेताना तो रेडिएटरची हवा अडवतोय का ते बघा, नाहीतर इनटेक थंड आणि इंजिन गरम असं होतं. पाईपला टी-बोल्ट क्लॅम्प.

तिसरं ईसीयूचा ट्यून, म्हणजे त्यातलं सॉफ्टवेअर बदलून घेणं. छोट्या टर्बो पेट्रोलवर पहिल्या टप्प्याचा ट्यून साधारण १५ ते २५ टक्के देतो. तयार फाईल टाकून पैसे घेणाऱ्याकडं नको, तुमच्या गाडीचे लॉग मागणाऱ्याकडं जा, आणि त्याला स्पष्ट सांगा की गाडी सोलापूरला चालते, ४४ डिग्रीत, ई२० वर. पुण्यात डिसेंबरात डायनोवर (गाडी जागेवर चालवून ताकद मोजणारं यंत्र) छान दिसलेला ट्यून इथं मेमध्ये नॉक मारतो, हे मी स्वतःच्या गाडीवर बघितलंय, नंतर बूस्ट कमी करून घेतला, आकडा दहा पीएसनं घटला पण गाडी बाराही महिने सारखी चालते. फुल बूस्टला एअर-फ्युएल रेशो, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, वाईडबँड सेन्सरवर ११.५ ते १२.५ च्या आसपास असावा, लीन (पेट्रोल कमी) जात असेल तर पाय लगेच काढा. टेस्ट डायनोवर करा, हायवेवर नको.

ऑनलाईन मिळणारा ट्यूनिंग बॉक्स घेऊ नका, तो सेन्सरचा आकडा खोटा दाखवून ईसीयूला फसवतो, म्हणजे इंजिन ज्याच्यावर विश्वास ठेवून स्वतःला वाचवतं तेच आपण बिघडवायचं. तसंच स्वस्तातला बूस्ट कंट्रोलर.

ट्यूनच्या आधी क्लच तपासा, चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवरून मोकळ्या रस्त्यावर पूर्ण दाबा, आरपीएम उडाला आणि वेग नाही वाढला तर क्लच आधी.

पोलोसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवर पडतच नाही, त्यामुळं तिथं कार्बन साठतो, कॅच कॅन (ब्रीदरमधली ऑइलची वाफ अडवणारा डबा) लावला तर थोडा फरक पडतो पण तो दर महिन्याला रिकामा करायची शिस्त पाहिजे. मामेभाऊ एकदा विसरला आणि भरून वाहिलं.

एक्झॉस्टचं आणि कायद्याचं सरळ सांगतो. कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, काढू नका. धूर, वास, पीयूसी सगळ्याच भानगडी, आणि शेजारी म्हातारी माणसं असतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये तेच सांगितलंय, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर एकेका बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. इन्शुरन्सला न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी अंगावर येतो. म्हणून ओरिजिनल पार्ट फेकू नका, नाव लिहून पोत्यात बांधून माळ्यावर ठेवा, आणि कुठला बदल करायचा ते हे सगळं माहीत असताना ठरवा.

कुठलाही बदल केल्यावर पाचशे किलोमीटरनी परत एकदा सगळ्या क्लिप आवळा, गरम-थंड होऊन त्या सैल पडतातच. मी क्लिप आवळली की स्क्रूवर पांढऱ्या पेंटची बारीक रेघ मारतो, क्लिपवरून पुढं पाईपवर पण जाईल अशी. पुढच्या वेळी बोनेट उघडलं की बॅटरी मारून रेघा बघायच्या, जिथं रेघ तुटलेली दिसली तो जोड सरकलाय.